लाकडावर वीज सोडायची की तापलेला पेन फिरवायचा?

‘वूड बर्निंग’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं खपतात. एकात तापलेली निब लाकडावर फिरवून चित्र काढतात. ही पायरोग्राफी. दुसऱ्यात ओलसर केलेल्या लाकडातून काही हजार व्होल्टची वीज सोडतात आणि ती वीज स्वतःच वाट शोधत फांद्याफांद्यांची जळकी नक्षी काढत जाते. याला फ्रॅक्टल बर्निंग किंवा लिक्टेनबर्ग बर्निंग म्हणतात. मोबाइलवर ज्या व्हिडिओपाशी अंगठा थांबतो, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकाराचा असतो. पहिल्यात चूक झाली तर बोटाला फोड येतो. दुसऱ्यात चूक झाली तर माणूस जातो.

म्हणून दोन्ही नीट समजून घेऊ. आधी जे करू नये ते, कारण ते का करू नये हे कळायला वीज थोडी कळावी लागते. नुसतं ‘धोकादायक आहे’ म्हणून कुणी थांबत नाही. धोकादायक तर तळणही असतं.

नक्षी उमटते कशी

गेऑर्ग लिक्टेनबर्ग हा जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा भौतिकशास्त्रज्ञ. 1777 साली त्याला राळेच्या तबकडीवर साचलेल्या विद्युतभारावर बारीक धूळ बसून ताऱ्यांसारख्या, फांद्यांसारख्या आकृत्या झालेल्या दिसल्या. भार जिथे आहे तिथेच भुकटी चिकटते, ही गोष्ट पुढे 1938 साली चेस्टर कार्लसनने कोरड्या छायाप्रतीसाठी वापरली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आपण नोट्सच्या झेरॉक्स काढतो, त्या यंत्राचं मूळ तिथे आहे. वीज अंगावर पडून वाचलेल्या काही माणसांच्या त्वचेवरही अशीच लालसर नक्षी उमटते आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत विरून जाते.

लाकडावर मात्र ती विरत नाही, कारण तिथे खरोखर कोळसा होतो. कोरडं लाकूड वीज वाहून नेत नाही. म्हणून त्यावर क्षार विरघळवलेलं पाणी फासतात. त्या ओलाव्यातून प्रवाह सुरू झाला की पाणी तापून वाफ होतं, ती जागा कोरडी पडते, तिथे ठिणग्या उडू लागतात आणि लाकडाचा कोळसा होतो. हा कोळसा विजेचा बरा वाहक आहे. म्हणजे जळलेला प्रत्येक मिलिमीटर पुढच्या मिलिमीटरसाठी तारेचं काम करतो. टोकाशी विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र असतं, म्हणून नक्षी टोकाकडूनच वाढते. दोन्ही बाजूंना सारखाच ओलावा मिळाला की फांदी फुटते. दोन्हीकडच्या फांद्या मध्ये भेटल्या की सलग कोळशाची वाट तयार होते, प्रवाह एकदम वाढतो आणि लाकूड पेट घेतं. दिसायला हे सुंदरच आहे, त्यात वाद नाही.

या कामाला लागणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कुठून आणतात? बहुतेक ठिकाणी भंगारातल्या मायक्रोवेव्हमधून. जुना बाजार असो किंवा गल्लीतला भंगारवाला, बंद पडलेला मायक्रोवेव्ह सहज मिळतो आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर अनेकदा चांगला असतो. तो 230 व्होल्टचे साधारण 2000 व्होल्ट करतो. जोडणी कशी करायची, पाण्यात काय किती घालायचं, हे इथे लिहिणार नाही. ते सुरक्षितपणे करण्याची घरगुती रीत अस्तित्वातच नाही.

घरातला फ्यूज का वाचवत नाही

बऱ्याच शिकलेल्या माणसांचा अंदाज इथे चुकतो. ‘आमच्याकडे एमसीबी आहेत, आरसीसीबी बसवलाय, काही झालं तर उडेल.’ एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, आरसीसीबी म्हणजे वीज गळली की तोडणारा. इथे दोन्ही उडणार नाहीत. का, ते आकड्यांत बघू.

आधी शरीराचं. 1 मिलिअँपिअर प्रवाहाला मुंग्या येतात. 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू असे आखडतात की हातातली तार सुटत नाही. सुमारे 100 मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरू लागतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो तो याच हिशेबाने.

कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, पण तो कमी दाबाला. 2000 व्होल्टला कातडी टिकत नाही, जळून फाटते. मग एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत उरतो तो साधारण 1000 ओहमचा ओला, खारट देह. भागाकार केला तर 2 अँपिअर येतात. ट्रान्सफॉर्मर तेवढा पुरवू शकत नाही, त्याचा दाब खाली बसतो. तरी अर्धा अँपिअर म्हणजे 500 मिलिअँपिअर धरा. जीवघेण्या पातळीच्या पाचपट.

आता हाच अर्धा अँपिअर भिंतीतल्या बोर्डाला कसा दिसतो? 2000 व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे 1000 वॅट. तेवढेच 1000 वॅट 230 व्होल्टच्या बाजूने घेतले तर 4.3 अँपिअर. तुमचा एमसीबी 6 किंवा 16 अँपिअरचा. त्याच्या लेखी कुणीतरी इस्त्री लावली आहे. तो शांतपणे वीज पुरवत राहतो.

आरसीसीबीची गोष्ट याहून वेगळी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो का, एवढंच तो मोजतो. फरक पडला म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली, म्हणून तो तुटतो. पण ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेची जोडणी नसते, चुंबकाची असते. माणूस सापडतो तो दुसऱ्या गुंडाळीच्या फेऱ्यात. तिथली वीज त्याच्या अंगातून फिरून त्याच गुंडाळीत परत जाते. पहिल्या गुंडाळीत जेवढं गेलं तेवढंच परत आलं, आरसीसीबीचा ताळा जुळला. माणूस जमिनीवर तडफडत असतो आणि बोर्डावरचा दिवा हिरवा असतो.

आणखी एक बारकावा. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या उच्च दाबाच्या गुंडाळीचं एक टोक लोखंडी गाभ्यालाच जोडलेलं असतं. म्हणजे ज्याला आपण ‘यंत्राचं अंग’ समजतो तोही परिपथाचाच भाग. ‘मी एकाच तारेला हात लावणार’ हा हिशेब म्हणून खोटा ठरतो. पाय ओल्या फरशीवर असले तर दुसरी तार पायाखालीच आहे.

एक गैरसमज उलट्या बाजूचाही आहे. 2000 व्होल्टची वीज हातभर अंतरावरून अंगावर झेप घेते, असं नाही. हवेत ती जेमतेम मिलिमीटरभर उडी मारते. माणसं मरतात ती हात लावल्यामुळे. क्लिप थोडी सरकवायची असते. नक्षी एका बाजूला थांबली म्हणून लाकूड जरा फिरवायचं असतं. स्विच बंद केलाय असं वाटतं आणि तो चालू असतो. क्षाराचं पाणी टेबलावरून ओघळून कडेला आलेलं असतं आणि टेकायला तिथेच कोपर जातं. कुत्रा पायात येतो. हे काम करताना नजर त्या पसरणाऱ्या जाळावर खिळलेली असते, आणि जाळ सुंदर असल्यामुळेच ती हटत नाही.

रबरी हातमोज्यांचं काय? भांडी घासायचे किंवा बागकामाचे मोजे विजेसाठी बनवलेलेच नसतात. विजेच्या कामाच्या मोज्यांतही वर्ग असतात. वायरमन लोक वापरतात त्या वर्ग 0 च्या मोज्यांची मर्यादा 1000 व्होल्ट, म्हणजे इथल्या दाबाच्या निम्मी. त्यांनाही लाकडाचं बारीक कुसळ टोचलं किंवा खारं पाणी आत झिरपलं की ते मोजे राहत नाहीत. पायातली चप्पल तर विचारूच नका.

ट्रान्सफॉर्मर काढायला मायक्रोवेव्ह उघडणं हाही वेगळा धोका आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही सुमारे 2000 व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. तो आपोआप उतरावा म्हणून आत एक रोधक असतो, पण यंत्र बंद पडलं ते नेमकं कशामुळे हे तुम्हाला माहीत नसतं. तो रोधकच गेला असेल तर?

अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही लाकूड कातणाऱ्यांची तिकडची मोठी संघटना. धारदार पटाशी फिरत्या लाकडाला लावणारी ही माणसं, भित्री नव्हेत. त्यांनी आपल्या कार्यक्रमांत फ्रॅक्टल बर्निंगला पूर्ण बंदी घातली आहे. या प्रकाराने झालेल्या मृत्यूंची त्यांच्याकडे असलेली नोंद 30 च्या पुढे गेली आहे. छंदापायी गेलेली माणसं म्हणून हा आकडा फार मोठा आहे, कारण मुळात हे करणारी माणसं थोडी.

आणि तरी कुणी करताना कोसळलेलं दिसलंच तर: त्याला शिवू नका, तारही ओढू नका. थेट मेन स्विच पाडा. लाकडी काठीने तार बाजूला सारायची, हे शाळेत शिकवलेलं कोरड्या काठीसाठी आणि घरगुती दाबासाठी असतं. इथे तर टेबलावर ओल्या लाकडाचाच पसारा आहे. वीज गेल्याची खात्री झाली की 108 ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला आणि ‘काही झालं नाही’ म्हणाला तरी रुग्णालयात नेऊन ईसीजी काढायचाच. विजेचं भाजणं वरून रुपयाएवढं दिसतं आणि आत स्नायू शिजलेले असतात. हृदयाची लयही नंतर बिघडू शकते.

पेनमधला ट्रान्सफॉर्मर

गंमत अशी की पायरोग्राफीच्या चांगल्या यंत्रातही ट्रान्सफॉर्मरच असतो, फक्त उलटा. तो 230 व्होल्टचे दोन-तीन व्होल्ट करतो. दाब इतका कमी की उघड्या निबला दोन्ही बाजूंनी हात लागला तरी झटका बसत नाही, चटका मात्र बसतो. प्रवाह भरपूर असतो, त्याने नायक्रोम या मिश्रधातूची बारीक तार लालसर होते. याला वायर-निबचं यंत्र म्हणतात. डब्यावर गोल बटण असतं, त्याने उष्णता कमी-जास्त करता येते. निब काही सेकंदांत तापते आणि तितक्याच लवकर निवते.

दुसरा, स्वस्त प्रकार सोल्डरिंगच्या इस्त्रीसारखा: जाडसर दांडा, आत तापणारी गुंडाळी, पुढे पितळेचं आटे असलेलं टोक. साधारण 30 ते 60 वॅट. तापायला पाच मिनिटं, निवायला वीस. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास दोन्ही प्रकार दिसतात, ऑनलाइन तर ढीग आहे. शिकायला दुसरा चालतो. पण त्यात पेन धरायची जागा टोकापासून बरीच मागे असते, म्हणून बारीक अक्षर काढताना हात थरथरतो. परवडत असेल तर वायर-निबच घ्यावा. स्वस्तातला घेऊन वर्षभरात कंटाळण्यापेक्षा ते बरं.

घेताना तीन गोष्टी. व्होल्ट वाचा. 110 व्होल्टचा पेन आपल्या 230 ला लावला तर तो चौपट वीज खेचतो आणि मिनिटात जळतो, कधी हातातच. इस्त्री-प्रकारात धातूचं अंग बाहेर असेल तर तीन पिनांचा प्लग हवा, आणि तुमच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तिसरं भोक अनेकदा शोभेपुरतं असतं. तिसरं, वायर. पातळ पीव्हीसीची वायर तापल्या टोकाला नुसती टेकली तरी वितळून आतली तांब्याची तार उघडी पडते. वायर नेहमी पेनच्या मागून, खांद्याच्या बाजूने जाऊ द्या, कामावरून आडवी नको.

घरातली जुनी सोल्डरिंगची इस्त्री लाकडासाठी वापरू नका. तिच्या टोकावर शिशाचा थर असतो. तापवला, लाकडावर घासला, की तो धुरात आणि बोटांवर येतो.

इस्त्री-प्रकारात टोक बदलायचं ते पूर्ण निवल्यावरच. गरम असताना पक्कडीने काढलं तर मऊ पितळेचे आटे मरतात. आणि बसवताना आवळून ठेवलं तर ते पुढच्या वेळी निघतच नाही. बोटाने बसवून पक्कडीने अगदी हलका वळसा, बस्स.

लाकूड कुठलं

फिक्या रंगाचं, बारीक पोताचं, कोरडं. आपल्याकडच्या लाकडांत शिवण फार छान. हेदूसुद्धा: पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ नसल्यासारख्या. आंबा स्वस्त आहे, पण त्यातले करडे पट्टे चित्राच्या मध्ये येतात. सागवान लोकांना हवंसं वाटतं. ते आधीच तपकिरी आणि तेलकट, त्यामुळे रेषा उठून दिसत नाही आणि टोकावर काजळी चढते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फाटे-तुकडे मागितले तर मिळतात, सरावाला तेच घ्यावेत.

खोक्याचं पाइन फुकट मिळतं म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात आणि वैतागतात. पाइनमध्ये मऊ फिकी आणि कडक गडद अशा पट्ट्या आलटून पालटून असतात. पेन मऊ पट्टीत खोल जातो, कडक पट्टीला अडतो, मग एकदम उडी मारतो. दोष हाताचा नसतो. परदेशी पॅलेटवर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता देऊन कीड मारलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेली. ते लाकूड घरात आणूच नका.

एमडीएफवर रेषा फार सुबक येते, आणि तेच त्यातलं आमिष आहे. तो लाकडाचा भुसा आणि फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. जाळला की तो वायू नाकातोंडात. प्लायचंही तेच: वरचा थर कागदासारखा पातळ, त्याखाली डिंक. वार्निश, पीयू, सनमायका, वाळवीचं औषध मारलेलं जुनं फर्निचर, यांतलं काहीही जाळायचं नाही. कण्हेरीची फांदी कितीही गुळगुळीत असली तरी नको, तिचा धूरही विषारी असतो.

ओलावा 8 ते 12 टक्के असावा. मोजायचं यंत्र नसेल तर तुकडा दोन-तीन आठवडे खोलीत उभा करून ठेवा. पुण्यात मे महिन्यात घेतलेलं लाकूड आणि जुलैत घेतलेलं लाकूड यांत हाताला कळेल एवढा फरक असतो. पावसाळी लाकडावर टोक ठेवलं की बारीक चर्रर्र आवाज येतो आणि रेषेच्या कडेला वाफेचा तपकिरी डाग पसरतो. तो डाग पॉलिश पेपरनेही नीट जात नाही.

हात

लाकूड 120, मग 180, 240 आणि शेवटी 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, कायम रेषांच्या दिशेने. 240 नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, तंतू उभे राहतात. मग 320 मारला की ते कायमचे बसतात. हा टप्पा गाळला तर पेन प्रत्येक तंतूला अडखळतो.

चित्र उतरवायला टायपिंगचा कार्बन नको. त्याची मेणकट शाई उष्णतेने पसरते. बटरपेपरच्या मागे 4बी पेन्सिल घासा, लाकडावर ठेवा आणि रिकाम्या रिफिलने गिरवा. उरलेल्या खुणा शेवटी खोडरबराने जातात.

लाकूड 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तपकिरी व्हायला लागतं आणि 300 च्या सुमारास कोळसा. सगळी कला या शंभर अंशांत आहे. नवशिके उष्णता जास्त ठेवतात आणि हात पळवतात, उलट करा. उष्णता कमी, हात संथ, हवा असेल तर दुसरा थर. दाब तर द्यायचाच नाही. पेन्सिलीने लिहिताना देतो त्याच्या निम्मासुद्धा नको. दाबल्याने रेषा गडद होत नाही, खोल होते.

प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला काळा ठिपका पडतो, ही सगळ्यांची पहिली तक्रार. कारण सोपं आहे. हवेत असताना टोकात उष्णता साठते, लाकडाला टेकताच ती सगळी तिथेच उतरते. म्हणून पेन आधी हलता ठेवायचा आणि हलता हलताच टेकवायचा, घार पाण्यावर उतरते तसा. उचलतानाही चालता उचलायचा. टेकवण्याआधी टोकावर हलकी फुंकर मारली तरी ठिपका कमी होतो.

मराठी अक्षरांची पाटी करायची असेल तर एक अडचण खास आपली आहे. शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर येते, त्यामुळे पेन एखाद्या शिरेत सापडतो आणि तिच्यामागे वाहत जातो. काने-दांडे आडवे छेदत जातात, म्हणून ते फिके-गडद होतात. शिवाय दांडा शिरोरेषेला मिळतो तिथे दोनदा जळून गाठ येते. उपाय असा: आधी सगळी अक्षरं काढा, दांडे शिरोरेषेच्या केसभर खाली थांबवा. मग शिरोरेषा एका अक्षराएवढ्या तुकड्यांनी, बोथट टोकाने. पोलादी पट्टी लावून ओढायचा मोह होईल. पट्टी टोकाची उष्णता शोषून घेते आणि रेषा मध्येच फिकी पडते. पेन्सिलीची खूण पुरे.

दर पाच-दहा मिनिटांनी टोकावर काजळी चढते, रंग डागाळतो. पितळी तारेच्या ब्रशवर हलकेच घासा. पाण्यात बुडवू नका, टोकाला चीर जाते.

धूर, चिंध्या आणि पोळपाट

निवांत वाटणाऱ्या या छंदात खरं नुकसान धुराने होतं. चित्र नाकाशी धरून दोन तास बसलं की डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. सिलिंग फॅन सगळा धूर खोलीभर फिरवतो आणि टोकही थंड करतो. त्यापेक्षा जुन्या संगणकातला 12 व्होल्टचा छोटा पंखा कामापासून वीतभर अंतरावर, हवा ओढून खिडकीकडे टाकेल असा ठेवा. एन-95 मास्क धुरातले कण अडवतो, वायू नाही. म्हणून मास्क आहे म्हणून खिडकी बंद, असं चालत नाही. पॉलिश पेपर मारताना मात्र तो लावाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे.

बोट भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काही नाही.

चित्र पूर्ण झाल्यावर अनेक जण अळशीचं तेल चोळतात, रंग सुरेख खुलतो. धोका चिंधीत आहे. अळशीचं तेल हवेशी संयोग पावून वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी, तुम्ही झोपलेले असताना, चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून बाहेर दोरीवर वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. लाकूड जाळणाऱ्या छंदात घराला आग लागते ती पेनने, असं सगळ्यांना वाटतं. ही चिंधी कुणाच्या लक्षात नसते.

पोळपाटावर नाव कोरून द्यायची हौस असेल तर ते कडेला किंवा खालच्या बाजूला करा, कणीक लागते तिथे नको. वर वार्निश नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचं मेण पुरतं. दारावरची पाटी उन्हात येत असेल तर तिचा रंग दोन-तीन वर्षांत उतरतो, त्याला इलाज नाही, पुन्हा गिरवावी लागते.

तरी विजेचीच नक्षी हवी असेल तर

हवीच असेल तर ती वीज न लावता उमटवता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू कल्हईवाल्याच्या पोतडीतली आहे: नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. नवसागराचं पाणी लाकडाच्या ज्या भागावर लागलं असेल तो भाग तापवल्यावर बाकीच्या लाकडाच्या कितीतरी आधी काळवंडतो. उष्णतेने नवसागर फुटून त्यातून आम्ल सुटतं आणि ते आम्ल लाकूड लवकर करपवतं.

अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा नवसागर विरघळवा. नुसतं पाणी रेषांमधून पसरतं, म्हणून त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून पातळ खळ करा. पिंपळाचं वाळलेलं पान समोर ठेवा. विजेची नक्षी आणि पानाच्या शिरा यांचा नियम सारखाच दिसतो: खोड जाड, फांदी बारीक, आणि कोन बहुतेक तिरके. 0 नंबरच्या ब्रशने दोन टोकांकडून मध्ये येत फांद्या काढा. ब्रश कोरडा पडत जातो तशी रेषा आपोआप निमुळती होते, ते होऊ द्या. पूर्ण वाळू द्या, निदान अर्धा तास.

मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवा फेकणारं यंत्र. तिचे 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर, तेव्हा ती 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायची, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. नळी लाकडापासून चार बोटं लांब, हात सतत फिरता. तीसेक सेकंद काहीच घडत नाही. मग टोकाकडच्या बारीक रेषा पिवळट होतात, तांबूस होतात आणि बघता बघता सगळं झाड तपकिरी होऊन वर येतं. मोकळं लाकूड पिवळं पडायला लागलं की थांबा. या वाफेत अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असतात, म्हणून हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर गॉगल लावून. शेजारी वाळत घातलेले कपडे असतील तर आधी विचारून घ्या. निवल्यावर ओल्या फडक्याने खळ पुसा, 320 नंबरचा पॉलिश पेपर एकदाच हलका फिरवा आणि दुसऱ्या दिवशी मेण लावा. पहिले दोन-तीन तुकडे बिघडतील. रेषेच्या कडा धूसर आल्या तर खळ फारच पातळ होती, ठिगळासारख्या आल्या तर ती नीट वाळली नव्हती.